आई, मंगळसूत्र आणि जोहान्सबर्ग

जोहान्सबर्गला जायचं ठरलं आणि आमच्या आळीतल्या प्रत्येकाकडे त्या शहराची एकेक गोष्ट निघाली. जे कधी पुण्याच्या पुढं गेले नाहीत त्यांच्याकडे तर दोन-दोन! "तिकडं दिवसाढवळ्या गाडी अडवून माणसाला खाली उतरवतात म्हणे," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. आजीनं देवापुढं साखर ठेवली. वडिलांनी "विमा काढला का?" एवढंच विचारलं. माझा मामा तिथं सात वर्षं नोकरी करतो आहे आणि दर दिवाळीला फोनवर "अक्का, एकदा ये गं," म्हणत आला आहे. शेवटी 2024 च्या मे महिन्यात, माझी एस. वाय.ची परीक्षा आटोपल्यावर, आई आणि मी निघालो.

आळीतल्या गोष्टी ऐकीव होत्या, पण खोट्या होत्या असं म्हणवत नाही. एप्रिल 2022 ते मार्च 2023 या वर्षात दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी 27,494 खून नोंदवले. आपल्याकडे 2022 सालात सबंध देशात नोंदले गेलेले खून 28,522. वरवर पाहता आकडे जुळे भाऊ! पण आमचे अर्थशास्त्राचे सर नेहमी म्हणतात, आकडा वाचलात, आता त्याला भागा. आपण 140 कोटी, ते सहा कोटींच्या आसपास. म्हणजे तिथं लाखामागं 45 आणि आपल्याकडे 2. परदेशी पाहुणेही यातून सुटलेले नाहीत. ऑक्टोबर 2022 मध्ये क्रूगर अभयारण्याच्या नुम्बी दरवाज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जर्मन पर्यटकाला गोळी घातली गेली. ऑगस्ट 2023 मध्ये, टॅक्सीवाल्यांच्या संपाच्या दिवसांत, केप टाऊनच्या विमानतळावरून निघालेला एक ब्रिटिश डॉक्टर न्यांगा नावाच्या वस्तीत शिरला आणि तिथं मारला गेला. वाट चुकणं हा एवढाच त्याचा अपराध!

आता गंमत पाहा. (गंमत म्हणायची का, ते तुम्हीच ठरवा.) अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांसाठी प्रत्येक देशाची पायरी ठरवतं. चार पायऱ्या, पहिली निर्धास्त, चौथी 'जाऊच नका'. 2024 साली दक्षिण आफ्रिका दुसऱ्या पायरीवर होती आणि तिच्या शेजारी, त्याच पायरीवर, आपला भारत! भारताच्या पानावर बायकांवरच्या अत्याचारांचा उल्लेख ठळक होता. त्याच वर्षी मार्चच्या सुरुवातीला झारखंडमधल्या दुमका जिल्ह्यात, नवऱ्यासह मोटारसायकलवरून जग बघायला निघालेल्या एका स्पॅनिश बाईवर सामूहिक अत्याचार झाला होता. हे पान मी आईला दाखवलं नाही. तिनं ते न वाचताच माझ्या लहानपणापासून पाळलेलं आहे. संध्याकाळी सातच्या आत घरात, हा आमच्या घरचा कायदा अमेरिकेनं केलेला नाही.

मामाची सूचनापत्रं मात्र रोज यायची. विमानतळावर कुणी "टॅक्सी?" म्हणून जवळ आलं तर उत्तरही द्यायचं नाही. मोबाईल हातात धरून रस्त्यात उभं राहायचं नाही. एटीएमपाशी मदतीला धावून येणाऱ्या सज्जनापासून सर्वांत दूर पळायचं. सिग्नलला – तिकडं सिग्नलला 'रोबो' म्हणतात – गाडीच्या काचा वर आणि पर्स पायाशी. आणि शेवटची, ठळक अक्षरांत : अक्काने मंगळसूत्र घालून येऊ नये.

इथं सगळं अडलं. आईनं मला फोन लावायला सांगितला. "अरे, मी स्वारगेटच्या स्टँडवर दहा वर्षं खोटंच घालून जाते. तेच घालून येईन की!" मामा म्हणाला, "अक्का, चोराला ते खोटं आहे हे कोण सांगणार? तो गळ्याला हात घालणारच." आई गप्प झाली. खरं-खोटं हा सोन्याचा प्रश्न नाही, गळ्याचा आहे, हे तिच्या एकदम ध्यानात आलं असावं. मग ती म्हणाली, "मोकळ्या गळ्यानं मी येणार नाही. तू वाटल्यास तिकीट परत कर." दोन दिवस फोन बंद! शेवटी तोड निघाली ती हवामानातून. मे महिन्यात तिकडं थंडी पडायला लागते. उंच गळ्याचा स्वेटर आणि आत काळी पोत, असा तह झाला. मी तिला म्हटलं, "आई, तू रोज स्टँडवर हे करत होतीस, आम्हाला बोलली नाहीस." "बोलायचं काय त्यात?" ती म्हणाली.

जोहान्सबर्ग दिसायला देखणं शहर आहे. झाडंच झाडं! पण घरं दिसत नाहीत, भिंती दिसतात. भिंतीवर विजेच्या तारा, फाटकावर खाजगी पहारेकऱ्यांच्या कंपनीची पाटी. त्या देशात पोलिसांपेक्षा असे पहारेकरीच कितीतरी जास्त आहेत. मामाच्या कॉलनीच्या तोंडाशी आडवा बांबू. येणाऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, वेळ वहीत. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "सासर बरं म्हणायचं!" मला तर संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालत जायलाही मनाई. भरदुपारी मामी दुकानात घेऊन जायची तेही गाडीतून.

आम्ही पाहिलं पुष्कळ. कॉन्स्टिट्यूशन हिलवरचा जुना तुरुंग, जिथं गांधीजीही होते आणि मंडेलाही. वर्णभेदाचं संग्रहालय – तिथं तिकिटावरच तुम्ही 'गोरे' की 'इतर' हे छापून येतं आणि दारं वेगळी! आई 'गोरी' निघाली आणि मी 'इतर'. आईला आत एकटीनं जावं लागलं, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सोवेटोतला विलाकाझी रस्ता, जिथं मंडेला आणि टुटू या दोघांचीही घरं. फोर्ड्सबर्गचा ओरिएंटल प्लाझा, जिथं आईला हवी तशी हळद मिळाली. हा प्लाझाही आपल्या लोकांना पेजव्ह्यूमधल्या त्यांच्या दुकानांतून उठवून मग बांधून दिलेला.

उठवणं हा शब्द त्या देशात पावलोपावली भेटतो. 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्यानं कुठल्या वर्णाच्या माणसानं कुठं राहायचं हे ठरवलं. केप टाऊनचं डिस्ट्रिक्ट सिक्स 1966 मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झालं आणि साठ हजारांवर माणसं उचलून दूर वाळूच्या सपाटीवर, केप फ्लॅट्सवर नेऊन टाकली. शेजार तुटला, आळ्या तुटल्या. पोरांना टोळ्यांनी आपल्यात घेतलं. आजही खुनाचा आकडा देशभर सारखा पसरलेला नाही. न्यांगा, डेल्फ्ट, खायेलित्शा अशी काही ठाणी वर्षानुवर्षं यादीच्या वरच्या टोकाला असतात. लाखामागं 45 म्हणताना तो लाख कोणता, हे आकडा सांगत नाही. पर्यटक टेबल माउंटनवर चढतो, बंदरावर आईस्क्रीम खातो, आणि भीती कुठली बाळगतो? ज्या वस्तीत त्याला पाऊलही टाकायचं नाही तिथली!

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक प्रवासी आठवेल. 13 जानेवारी 1897 ला डर्बनच्या बंदरावर उतरलेल्या गांधीजींना गोऱ्या जमावानं गाठलं, दगड-विटा आणि लाथांनी मारलं. पोलीस अधीक्षकांची पत्नी, मिसेस अलेक्झांडर, तिथून चालली होती. तिनं आपली छत्री उघडली आणि ती मध्ये उभी राहिली. पुढं अधीक्षकांनी गांधीजींना शिपायाचा वेष देऊन बाहेर काढलं. आणि हो, त्याच देशात 2009 साली आपली आयपीएल खेळली गेली. का, तर निवडणुकांच्या काळात आपल्याकडे सामन्यांना पुरेसा बंदोबस्त देता येत नव्हता! सुरक्षिततेसाठी आपण जोहान्सबर्गला गेलो होतो, हे आळीतल्या काकूंना कुणी सांगावं?

पण मला सांगायचं आहे ते मामीकडे कामाला येणाऱ्या बाईंविषयी. मामी त्यांना 'सिसी' म्हणते. झुलूत सिसी म्हणजे बहीण. त्या अलेक्झांड्रा वस्तीतून यायच्या. ही वस्ती श्रीमंत सँडटनला अगदी लागून, मध्ये फक्त हमरस्ता. सकाळी अंधारातच त्या निघायच्या आणि रस्त्यावर हाताची खूण करून मिनीबस थांबवायच्या. कुठं जायचं त्याप्रमाणे बोटांची खूण वेगळी. त्यांनी मला दोन-तीन शिकवल्या. आल्या की फाटकावरच्या वहीत रोज त्यांचं नाव लिहिलं जायचं, रोज पिशवी तपासली जायची. वर्षानुवर्षं!

महिनाअखेरीला मामीनं पगार हातात दिला, आणि दुसऱ्या दिवशी सिसी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी आल्या त्या ओठ सुजलेला, मनगटाला पट्टी. मिनीबसमधून उतरून घराकडे जाताना तिघा पोरांनी गाठलं होतं. महिनाअखेर कधी असते ते त्या पोरांनाही ठाऊक असतं. फोन गेला, पगार गेला. ठाण्यात गेलात का, म्हणून मामानं विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या आणि भांड्यांकडे वळल्या. मामानं इतकी सूचनापत्रं लिहिली होती. त्यातली एकही ओळ त्यांच्यासाठी नव्हती. त्यांना गाडी नाही, काच वर करणार कशाची?

आईला ना इंग्रजी येतं ना झुलू. तिनं आल्याचा चहा केला आणि सिसींना हाताला धरून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. मग तिनं स्वेटरचा गळा खाली ओढून काळी पोत दाखवली, पोलक्याच्या आतून कापडी बटवा काढला आणि खुणेनं विचारलं, तुम्ही पैसे कुठं ठेवता? सिसींनी बुटाकडे बोट दाखवलं. "बूट पहिल्यांदा काढतात," मामीकडून त्यांनी सांगायला लावलं. आईनं बटवा त्यांच्या हातात दिला. शिवण कशी आहे ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, आणि आमच्या निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत बसून आईनं मामाच्या जुन्या सुती शर्टाचे तसे तीन बटवे शिवले. एक सिसींना, एक त्यांच्या मुलीला आणि तिसरा कुणाला ते आम्ही विचारलं नाही.

मामी आता पगार महिनाअखेरीला देत नाही. मधल्याच कुठल्या तरी वारी, दोन हप्त्यांत देते. आणि त्या दिवशी मामा कामावरून लवकर येऊन सिसींना गाडीनं अलेक्झांड्रात त्यांच्या दारापर्यंत सोडतो.