दाद, वशिला आणि विचारणा

सरकारदरबारी काही मागायचे असेल तर मराठीत शब्दांची वाण नाही, आणि त्यांतले बरेचसे शब्द दरबारी भाषेतूनच आपल्याकडे आले आहेत. ‘अर्ज’ आणि ‘वशिला’ हे मूळचे अरबी. ‘शिफारस’ आणि ‘फिर्याद’ फारसी. ‘दाद’ हाही फारसीच, आणि त्याचा मूळ अर्थ न्याय. दाद मागणाऱ्याजवळ हक्क असावा लागतो. वशिला लावणाऱ्याजवळ ओळख. कोशात इतके स्वच्छ असलेले हे अंतर व्यवहारात आपण जवळजवळ पुसून टाकले आहे. २०२१ साली माझ्या धाकट्या बहिणीवर जो प्रसंग आला, त्यामुळे या दोन शब्दांकडे मला पुन्हा पाहावे लागले.

ती अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावरील एका राज्यात राहते. पती एच-१बी व्हिसावर, ती एच-४वर. पतीची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल, तर अशा पत्नीला नोकरीचा परवाना मिळू शकतो, असा नियम तिथे २०१५ साली झाला. त्या परवान्यावर ती एका खाजगी शाळेत गणित शिकवीत असे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या फार तर १८० दिवस आधी करता येतो. तिने तो पहिल्याच आठवड्यात केला. परंतु ऑगस्टअखेर परवाना संपला तरी निर्णय आला नव्हता. एच-४धारकांना तेव्हा आपोआप मुदतवाढ मिळत नसे. शाळा उघडली आणि तिच्या वर्गावर दुसऱ्या बाई उभ्या राहिल्या.

शाळेतील एका सहकारी बाईंनी तिला सुचवले, ‘तुमच्या प्रतिनिधीला कळवा.’ प्रतिनिधी म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातील सदस्य. हे ऐकून बहिणीने मला फोन केला आणि म्हणाली, ‘अगं ताई, मी तर त्यांना मतही देऊ शकत नाही. मला ते का विचारतील?’

तिचा प्रश्न मला अस्सल मराठी वाटला. आपल्याकडे लोकप्रतिनिधीशी असलेले नाते ज्या शब्दात मावते, तो शब्द ‘मतदार’. ज्या प्रदेशाचे तो प्रतिनिधित्व करतो, तो ‘मतदारसंघ’. ज्याला मत नाही, तो या शब्दाबाहेर पडला. खरे पाहता आपल्या लोकसभेच्या जागाही लोकसंख्येच्या आधारेच वाटल्या जातात. पाळण्यातले मूलही त्या गणतीत असते. राज्यघटना माणसे मोजते, भाषा मात्र मते मोजते. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीत प्रतिनिधिगृहातील जागा व्यक्तींच्या एकूण संख्येवर वाटाव्यात असे म्हटले आहे. तिथे नागरिकत्वाची अट नाही. २०१६ साली टेक्सासमधील एका खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतील मतदारसंघही एकूण लोकसंख्येवर आखता येतात असा निर्णय दिला. मत नसलेल्या रहिवाशालाही प्रतिनिधीच्या मदतीची गरज असते, हा विचार त्या निकालपत्रात आहे. माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हेच होते.

मग तिने पत्राचा मसुदा मला वाचायला पाठवला. इंग्रजी निर्दोष होते, पण आतला सूर सगळा आपल्या अर्जांचा. आरंभी त्रास दिल्याबद्दल क्षमा, मग घराचे हप्ते, मुलाची शाळा, प्रकृतीच्या तक्रारी, शेवटी आजन्म ऋणी राहण्याचे आश्वासन. काय हवे आहे ते वाक्य दुसऱ्या पानावर, तेही संकोचत आलेले. ‘मेहेरबान’ आणि ‘कृपाभिलाषी’ हे शब्द आपण कागदावरून काढले असतील. पाठीच्या कण्यात त्यांची वाकण्याची सवय राहून गेली आहे.

प्रत्यक्षात त्या कचेरीला यातले फारसे काही नको होते. हवे होते नाव, पत्ता, अर्जाचा पावती क्रमांक, तारीख, अडचण थोडक्यात आणि एक सही. ही सही महत्त्वाची. १९७४च्या खाजगीपणाविषयीच्या कायद्यानुसार, अर्जदाराच्या लेखी संमतीवाचून त्याची माहिती सरकारी खाते प्रतिनिधीच्या कचेरीला देत नाही. आपण कोणत्या पक्षाचे, कोणाच्या ओळखीने आलो, यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. दोन पानांच्या पत्राचे सहा ओळींत रूपांतर झाले, आणि ते करताना तिला रडू आले. आपले दुःख सांगण्याची गरजच नाही, हे कळणेही माणसाला जड जाते.

त्या कचेरीतून चार दिवसांत उत्तर आले. तिथल्या कर्मचारी बाईंनी आधीच स्पष्ट केले, की आम्ही फक्त विचारणा करू शकतो. निर्णय काय घ्यावा हे सांगू शकत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत तर त्यांना काहीच करता येत नाही. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला सात टक्क्यांहून अधिक कार्डे सहसा येऊ नयेत, ही मर्यादा कायद्यातच आहे. ती बदलायची तर संसदेलाच बदलावी लागेल. विचारणा झाली, खात्याकडून साचेबंद उत्तर आले, आणि ऑक्टोबरात परवाना हाती पडला. तो विचारणेमुळे आला की यायचाच होता, हे सांगण्याचा मार्ग नाही. वशिल्याचे फळ कुणामुळे मिळाले ते नेमके ठाऊक असते, आणि ते फेडावेही लागते. इथे फेडण्याजोगे काही उरले नाही.

आपल्याकडे पाहावे तर खासदाराच्या शिफारशीला केंद्रीय विद्यालयांत चक्क कोटा होता: प्रत्येक खासदारामागे वर्षाला दहा प्रवेश. तो २०२२ साली रद्द झाला. त्या शिफारशीने मिळालेली प्रत्येक जागा दुसऱ्या एखाद्या मुलाच्या हातून गेलेली असे. विचारणेत निदान तसे होऊ नये अशी अपेक्षा असते. मुदत उलटून गेलेल्या कागदाचे काय झाले, एवढेच तिला विचारायचे असते. तरीही मनात एक शंका राहते. गठ्ठ्यातून एक कागद वर आला, तर दुसरा खाली जात नसेल का? आणि ज्याला ती भाषा येत नाही, असे पत्र लिहिता येते हेच ज्याला कुणी सांगितलेले नाही, त्याचा कागद कोण शोधणार? दाद मागण्याचा हक्क सर्वांना असला, तरी ती मागण्याची रीत ठाऊक असणे ही पुन्हा एक ओळखच ठरते.

त्या नोव्हेंबरात एका खटल्यातील तडजोडीने एच-४धारकांना आपोआप मुदतवाढ मिळू लागली. पुढे नियम बदलला आणि ३० ऑक्टोबर २०२५पासून नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी ती सवलत संपली. म्हणजे कितीतरी घरांतून पुन्हा अशी पत्रे लिहिली जातील; त्यांतली काही मराठी माणसांचीही असतील. त्यांनी क्षमायाचना गाळून तारखेपासून सुरुवात करावी. मत नसलेल्या माणसालाही प्रतिनिधी असतो, हे तिथल्या कायद्याने मान्य केले आहे. आपल्या भाषेत त्या माणसासाठी अजून शब्द नाही. तो घडवण्याचे काम आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांचे आहे.