आधी रेडिओ, मग पाती

मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मशीन ऑपरेटर आहे. वीस वर्षे लोखंड कापण्यात गेली, त्यामुळे यंत्रातले आपल्याला कळते असा थोडा ताठा अंगात होता. तो माझ्या मुलीने उतरवला. इतर आईबापांना उपयोगी पडेल म्हणून तो प्रसंग सांगतो.

थोरली इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला आहे. साठवलेले पैसे आणि माझ्या बोनसमधला वाटा घालून तिने रेडिओवर उडणारे जुने हेलिकॉप्टर घेतले. सोबत ट्रान्समीटर, म्हणजे दोन काठ्या, आठ-दहा बटणे आणि छोटा पडदा असलेली पेटी. माझी आई म्हणाली, "एवढ्या पैशात मिक्सर आला असता." मनातून मीही आईच्याच बाजूचा होतो.

"पप्पा, आधी पाती काढू, मग रेडिओ लावू," थोरली म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम, कशाला खोलतेस?" मी म्हणालो.

तिने ट्रान्समीटर चालू करून हेलिकॉप्टरला बॅटरी जोडली. मी पेटी हातात घेतली आणि "हे बटण कशाचं?" म्हणत ते ओढले. क्षणात पाती गरगरली! ते बटण कसरतीच्या उड्डाणाचे होते. ते ओढल्यावर काठी खाली असली तरी मोटर जोरात फिरते. हेलिकॉप्टर टेबलावरून घसरले. ते धरायला थोरलीचा हात पुढे गेला आणि तळहाताला तीन टाके पडले.

दवाखान्यातून येताना मला प्रेसवर दोन बोटे गमावलेला जुना सोबती आठवला. मेन स्विच बंद केल्याशिवाय मशीनमध्ये हात घालायचा नाही, हे मी नव्या पोरांना रोज सांगतो. घरात मात्र मी त्या यंत्राला खेळणे समजलो.

हात बरा झाल्यावर थोरलीनेच पुन्हा काम काढले. या वेळी मी माहितीपुस्तिका धरून बसलो. तिने मोठी आणि शेपटीची पाती काढली, मोटरच्या तारा सोडवल्या. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी छोटी नाव दाखवली होती, हे तिनेच मला सांगितले. पूर्वी दोघांच्या रेडिओची वाहिनी एकच निघाली तर विमान कोसळे. आता २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची आधी जोडी लावून द्यायची, म्हणजे रिसीव्हर दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही.

मग पडद्यावर नवे मॉडेल उघडून 'हेलिकॉप्टर' निवडले. पात्यांखालची तबकडी तीन सर्वो उचलतात. एक जरी उलट फिरला तरी तबकडी तिरकी होते. आमचा एक उलटा निघाला, तो ट्रान्समीटरमधूनच सुलटा केला. काठी मधोमध असताना पात्यांचा कोन शून्य येतो का, हे पाती तेवढ्यापुरती बसवून मोजले आणि पुन्हा काढली. नंतर जायरो. नाक हाताने उजवीकडे वळवले की शेपटीने ते डावीकडे आणायला धडपडले पाहिजे. उलट झाले तर हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखे फिरते. शेवटी मोटर जोडून, पात्यांशिवाय, ती हळू फिरवली आणि ट्रान्समीटर बंद केला. मोटर थांबली. मोटर तोडून ठेवणारे 'होल्ड'चे बटण तिने लाल रंगवून माझ्याकडून दहा वेळा दाबून घेतले.

चिकलठाण्याचे विमानतळ आमच्याच जालना रस्त्यावर. म्हणून २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारी नकाशात जागेचा रंग पाहिला आणि हिरव्या भागातले ओळखीचे एक मोकळे शेत गाठले. पहाटे वारा नव्हता. आम्ही लांब उभे राहिलो. हेलिकॉप्टर जमिनीपासून फूटभर उचलले, थरथरत थांबले आणि खाली बसले.

घरी आईने विचारले, "उडालं का?"

"फूटभर."

"पोरीचा हात शाबूत आहे ना? मग पुष्कळ झालं."

मुलांच्या हाती नवी वस्तू आली की आपण वयाच्या जोरावर पुढे होतो. ज्याने पुस्तिका वाचली आहे, त्याचे आधी ऐकावे, मग तो आपलाच लेक का असेना. थोरलीच्या तळहातावरचा व्रण मला हे रोज सांगतो.