दुष्फेन पाणी आणि सीतेची वेणी

शाळेंत संस्कृताबरोबर सृष्टिविज्ञानाचे धडेही आम्ही देत असूं. सुफेन पाणी कोणतें व दुष्फेन कोणतें, हा भेद शेंकडों मुलांकडून आम्हीं घोकून घेतला. तो आम्हांस खऱ्या अर्थानें कळला, तो मात्र सेवानिवृत्तीनंतर.

आमच्या सूनबाईचें माहेर खालापूर तालुक्यांतलें. तेथील अंगणांतला जुना आंबा वादळांत पडला, तेव्हां त्याच्या फांदीवरील सीतेची वेणी तिनें कर्जतास आमच्या घरीं आणली. ही आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुळांतली. पावसाच्या तोंडावर हिचे जांभळट-पांढरे घोस लोंबूं लागले, कीं नांवाची सार्थता पटते. माहेरच्या त्या आंब्याची एवढीच खूण उरली होती.

पावसाळा सुखांत गेला. फाल्गुनांत मात्र मुळांचीं टोकें काळीं पडलीं व पानांवर पांढरें पुट चढलें. “मामंजी, पाण्याचा तर दोष नसेल?” सूनबाईनें विचारलें. आम्ही हंसलों. विंधणविहिरीचें जें पाणी सारें घर पितें, तें झाडास कसें बाधेल? वेणी तहानेली आहे असें ठरवून आम्ही दुप्पट पाणी घालूं लागलों. वैशाखापर्यंत जिवंत अशीं चारच मुळें राहिलीं.

एके सकाळीं सूनबाईनें चहाचें आधण ठेवण्याचें पातेलें कांहीं न बोलतां आमच्यापुढें ठेविलें. तळाशीं तेंच पांढरें पुट होतें.

खडकांतून झिरपतांना पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन येतें. आमरीचें मूळ मातींत नसतें. तें हवेंत राहून, आपल्या स्पंजासारख्या आवरणानें पाऊस व दंव शोषतें. पाणी उडून जातें, क्षार तेथेंच राहतात. आम्हीं दुप्पट पाणी नव्हे, दुप्पट क्षार घातले होते! उकळल्यानें दुष्फेनता अंशतःच जाते. तुरटीनें केवळ गढूळपणा निवळतो. आणि मिठावर चालणारें यंत्र कॅल्शियमच्या जागीं सोडियम देतें, तें झाडास अधिकच वाईट.

सुश्रुतसंहितेंत आकाशांतून पडणारें जल श्रेष्ठ मानिलें असून, तें शुभ्र वस्त्रावर वा छपरावरून धरून स्वच्छ पात्रांत सांठवावें, असें सांगितलें आहे. हें आम्हीं कितीदां वाचलें असेल! आमच्या तालुक्यांत वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि आमची पन्हळ तो गटारांत सोडीत होती. रोज अर्धा लिटर धरला, तरी आठ कोरड्या महिन्यांस सुमारें १२० लिटर पाणी लागतें. एक मोठें पिंप पुरें. पहिल्या सरींबरोबर छपराची धूळ येते, ती वाहूं द्यावी, आणि डांसांसाठीं पिंपाच्या तोंडाला फडकें बांधावें.

ज्यांच्या नळाला नदीचें पाणी येतें, त्यांनीं आधीं साबण फेंसून पाहावा. खोपोलीच्या वीजगृहांतून १९१५ पासून पाताळगंगेंत, आणि भिवपुरीच्या वीजगृहांतून १९२२ पासून उल्हासेंत, घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी उतरतें. तेंही मुळांत पावसाचेंच. विंधणविहिरीच्या पाण्याहून तें मऊ असण्याचा संभव पुष्कळ.

यंदा वेणीला फुलें आलीं नाहींत. परंतु एका मुळास हिरवें टोंक फुटलें आहे. पिंपांतलें पाणी सूनबाईच घालते. तिनें आम्हांस एका शब्दानें बोल लाविला नाहीं, आणि “पाण्याचा दोष नसेल?” हें तिचें वाक्य आम्ही अद्याप विसरलों नाहीं.