इस्राएल आळीतला आठवा दिवस

अलिबागला गेलेला प्रवासी समुद्र आणि कुलाबा किल्ला पाहून परततो. इस्राएल आळीकडे सहसा वळत नाही. तिथे १८४८ साली स्थापन झालेले, १९१० मध्ये नव्याने बांधलेले ‘मागेन आबोथ’ सिनेगॉग आहे. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएलांचे हे प्रार्थनामंदिर. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली.

मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. जन्मदिवस धरून मोजायचे. पण दिवस सूर्यास्ताला बदलतो, तेव्हा तिन्हीसांजेला जन्मलेल्याचा हिशेब जपून! बाळाला मांडीवर घेणाऱ्याशेजारी एक खुर्ची एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी असते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. शुभप्रसंगी त्याच्या नावाने मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि फळे.

परंतु खरी तयारी बाळाच्या प्रकृतीची. बाळ आजारी वा कावीळ झालेले असेल तर धर्मशास्त्रच विधी पुढे ढकलायला सांगते. दोन भाऊ सुंतेने दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये, हा तालमूदमधला नियम हिमोफिलिया हे नावही नव्हते तेव्हाचा! घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार असल्यास बालरोगतज्ज्ञांना आधी सांगावे.

नंतर प्रत्येक लंगोट बदलताना पेट्रोलियम जेली लावावी. जखमेवरचा पिवळसर पातळ थर पू नसतो, तो खरवडू नये. हळद, राख तर नकोच. आठवडा-दहा दिवसांत जखम भरते. रक्त थांबेना, ताप आला किंवा बारा तास लघवी झाली नाही, तर आजीबाईंचा सल्ला बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.