मुठीतल्या उबेचा जमाखर्च

वाहनांच्या विद्युत्-जोडणीचे काम पुण्यात करीत मला सव्वीस वर्षे झाली, आणि अलीकडे दर वर्षी वैशाख सरता सरता लडाखकडे निघालेले मोटारसायकलस्वार माझ्या दारी येऊन हँडलच्या मुठी तापवणारे साहित्य, म्हणजे ज्याला सारे हीटेड ग्रिप म्हणतात ते, बसवून मागतात. खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटर उंचीवर आहे आणि तेथे जूनमध्येही बर्फ असतो. हा चैनीचा प्रकार आहे असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. कारण थंडीत शरीर हातापायांकडील रक्त आखडते घेते, बोटे ताठरतात, आणि ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकत असता ब्रेक आवळण्यास लागलेला एक अधिक क्षणही उतारावर फार महाग पडतो.

तारेतून प्रवाह गेला की ती तापते, या व्यवहाराचे गणित जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४१ साली मांडले: उष्णता ही तारेच्या रोधाच्या आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते. त्या ‘वर्ग’ शब्दाकडे दुर्लक्ष करणारा कारागीर पुढे फसतो. उदाहरणादाखल प्रत्येक मुठीचा रोध ७.२ ओहम धरू; १२ व्होल्टांवर ती २० वॅट घेते, परंतु इंजिन चालू असता गाडीतील दाब १४ व्होल्टांच्या आसपास राहत असल्याने तीच मूठ २७ वॅटांवर जाते आणि दोन मुठी मिळून जवळजवळ ४ अँपिअर ओढतात. याच मुठी समांतर न जोडता एकसर जोडल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा दाब येतो, पण उष्णता मात्र निम्मी न राहता चतुर्थांशावर, सुमारे ७ वॅटांवर, उतरते. मंद आणि तीव्र अशा दोनच पायऱ्या असलेले साधे स्विच याच युक्तीने चालवता येतात; त्यांत एका पायरीवर बोटे गारठतात आणि दुसरीवर तळवे भाजतात, मधला मुक्कामच नसतो.

हा मधला मुक्काम आजच्या नियंत्रकाने मिळवून दिला. तो दाब कमी करीत नाही. पूर्ण दाब सेकंदातून अनेक वेळा सोडतो आणि तितक्याच वेळा तोडतो, आणि चालू राहण्याचा वाटा ४० टक्के ठेवला की उष्णताही ४० टक्के मिळते. मूठ इतकी सावकाश तापते आणि निवते की हे खंड हाताला कळत नाहीत. मध्ये रोधक घालून प्रवाह घटवण्याच्या जुन्या रीतीत हातापर्यंत न पोहोचलेली उष्णता त्या रोधकातच जळून वाया जाई. या नियंत्रकातला ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा असतो वा पूर्ण बंद, म्हणून तो स्वतः फारसा तापत नाही. माझ्या मते साहित्य निवडताना अधिक वॅटांपेक्षा अधिक पायऱ्यांना पैसे मोजावेत.

डावी मूठ कमी तापते ही तक्रार घेऊन बरीच गिऱ्हाइके परततात, आणि बहुतेक वेळा त्यात बिघाड काहीच नसतो. उजवी मूठ ॲक्सिलरेटरच्या प्लॅस्टिक नळीवर बसते, ती नळी उष्णता अडवते. डावी थेट हँडलच्या धातूवर बसते आणि धातू तिची ऊब खेचून नेतो. म्हणून चाणाक्ष निर्माते डाव्या बाजूस थोडे अधिक वॅट देतात. तशी सोय नसेल तेथे मी हँडलवर उष्णता रोखणारी पातळ स्लीव्ह चढवून मगच मूठ बसवतो.

आता वीज कोठून घ्यावी, हा खरा प्रश्न. काही वर्षांपूर्वी एक गाडी माझ्याकडे आली. कोणा कारागिराने मागच्या दिव्याची बारीक तार सोलून मुठींचा सगळा भार तीवर लादला होता, तिचे आवरण वितळून शेजारच्या तारांना चिकटले होते, फ्यूज जळाला होता, आणि तो मुलगा मागचा दिवा नसलेली गाडी घेऊन रात्री घाट उतरून आला होता. ते हार्नेस उलगडताना मला आलेला संताप अजून शमलेला नाही. त्या बारीक तारेने भार वाहायचा नसतो, केवळ हुकूम द्यायचा असतो: किल्ली फिरवल्यावर जिच्यात वीज येते अशी तार रिलेच्या, म्हणजे हुकूम मिळताच मोठा भार जोडणाऱ्या स्विचच्या, ८६ क्रमांकाच्या पिनेला द्यावी, ८५ अर्थ करावी, आणि मुठींचा भार बॅटरीपासून स्वतंत्र जाड तारेने ३० मधून ८७ कडे न्यावा. वर सांगितलेल्या मुठींना साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो मात्र बॅटरीच्या अगदी लगत हवा, कारण फ्यूजच्या अलीकडे जी तार उरते तिला कोणाचेही संरक्षण नसते. रिले गाळला आणि स्विच चालू राहिला, तर ८ अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासांत रिकामी होते.

बॅटरी ही ठेव आहे, उत्पन्न अल्टरनेटरचे. अनेक मोटारसायकलींत रेग्युलेटर जादा वीज शॉर्ट करून उष्णतेच्या रूपाने उधळून टाकतो, तेव्हा मोकळ्या रस्त्यावर मुठींना दिलेली वीज बरीचशी अशा उधळपट्टीतूनच वाचवलेली असते. वाहनांच्या खोळंब्यात इंजिन मंद झाले की उत्पन्न घटते आणि खर्च तोच राहतो. तेथे मुठी बंद कराव्यात, किंवा दाब घसरताच स्वतः तोडणारा नियंत्रक घ्यावा.

सर्वांत नाजूक जागा उजव्या मुठीची तार. ॲक्सिलरेटर जितक्या वेळा फिरतो तितक्या वेळा ती वाकते, आणि आवरण शाबूत असता आतील तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात. म्हणून तिला सैल वळसा ठेवावा आणि जोड वाकणाऱ्या भागात कधीही येऊ देऊ नये. ही मूठ पिळल्यावर आपोआप परतली नाही, तर ती गाडी मी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देत नाही.

येत्या मोसमात निघणाऱ्यांना माझी विनंती आहे: काम घेताना हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून कोठे तार ताणली जात नाही ना ते पाहा, ॲक्सिलरेटर पिळून सोडा, आणि किल्ली काढल्यावर मुठींच्या तारेला मीटर लावून तेथे शून्य व्होल्ट दिसतात याची स्वतः खात्री करून घ्या.