पंगत उठल्यानंतर



दिंडीच्या पंगतीत अनोळखी माणूस येऊन बसला, तर आपण त्याला गाव विचारत नाही. ‘बसा माउली’ म्हणतो आणि पत्रावळ पुढे करतो. याचा मला फार अभिमान होता. गेल्या आषाढीनंतर भाच्याने फोनवर एक हकिकत सांगितली आणि त्या अभिमानाला तडा गेला.

भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, आयोवा राज्यात राहतो. तिथे पोस्टव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. १२ मे २००८ रोजी तिथल्या मांसाच्या कारखान्यावर सरकारी धाड पडली. एका दिवसात ३८९ कामगार पकडले. बहुतेक ग्वाटेमालाचे, काही मेक्सिकोचे. पोटासाठी आलेले, पण राहण्या-कामाची परवानगी नसलेले.

मांसाचा कारखाना म्हटल्यावर माझा हात गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेला. मन जरा आखडलं. मग सजन कसायाची आठवण झाली. त्याच्याही कामाला हात लावणारा देव तुकोबारायांनी सांगितला आहे. तिथे मी कोण?

धाडीची बातमी पसरली तशी घाबरलेली कुटुंबं सेंट ब्रिजेट चर्चमध्ये धावली. तिथला कारभार सिस्टर मेरी मॅकॉली पाहत होत्या. चर्चने दार उघडलं. शेकडो जणांनी, लेकराबाळांसह, तिथे आसरा घेतला.

इथवर आपलीही गोष्ट अशीच असते. पुढचं ऐका. पकडलेल्यांपैकी बहुतेकांना पाच महिन्यांची कैद झाली, आणि नंतर मायदेशी रवानगी. लहान मुलं असलेल्या काही आयांना सोडलं, पण घोट्याला पहाऱ्याचं यंत्र बांधून. त्यांना काम करायची परवानगी नाही, गाव सोडायचीही नाही. मग घरभाडं कोण देणार? वीजबिल? मुलांचं दूध? चर्चने तो भार महिनोन् महिने वाहिला. कारखाना ज्यू आहारनियमांनुसार चाले, मालकही ज्यू. तरी २७ जुलैला शिकागो आणि मिनियापोलिसकडची ज्यू मंडळी तिथे आली आणि या कुटुंबांच्या बाजूने रस्त्यावरून चालली.

माउली, आमच्या गावातही एकदा वीटभट्टीवरच्या परप्रांतीय मजुराला पोलिसांनी नेलं. त्याची बायको दोन लेकरं घेऊन रात्री मंदिरात आली. मीच तिला पिठलं-भाकरी वाढली, चादर दिली. सकाळी काकडा झाला आणि मीच विचारलं, “बाई, आता कुठं जाणार?” ती काही बोलली नाही. धाकट्याला कडेवर घेतलं आणि फाट्याकडे चालू लागली.

रात्री मी तिला माउली म्हटलं होतं. सकाळी ती बाई झाली.

कायद्याचं काम कायदा करील. त्याचा निवाडा माझ्याकडे नाही. पण मागे राहिलेल्या लेकराचा दुसरा दिवस, तिसरा महिना, तो कुणाकडे असतो? पंगत वाढणं सोपं आहे. पंगत उठल्यावर जो बसून राहतो, त्याच्यापाशी थांबणं अवघड.

यंदा प्रस्थानाआधी मंदिरातल्या चार जणांपुढे मी ही चूक कबूल केली. भक्तनिवासातली एक खोली आणि सप्ताहाच्या शिध्यातलं थोडं धान्य अशा अडलेल्यांसाठी राखायचं ठरलं. किल्ली माझ्याकडे आहे. खोली अजून रिकामी आहे, पण रोज काकड्यानंतर मी मंडपातून एक फेरी मारतो, कुणी बसून राहिलंय का पाहायला.

तुम्हीही पाहा, माउली.

रामकृष्ण हरी.