बोट ठेवून दाखव

काल रात्री पावणेदोनला छातीत डावीकडे कळ आली. वय ३१. आई आधी ओवा घेऊन उभी राहिली, मग चपला घालून. लालबागहून टॅक्सीने परळचं केईएम रुग्णालय.

ईसीजी काढून झाल्यावर निवासी डॉक्टर म्हणाली, "बोट ठेवून दाखवा." छातीच्या मधल्या हाडाला बरगडी मिळते तिथे तिने दाबलं आणि मी ओरडलोच. बरगडीच्या कूर्चेला सूज. शनिवारी माळ्यावरचं पाण्याचं पिंप मी एकट्याने उतरवलं होतं! तरी हृदयाची खात्री करायला ट्रोपोनिनसाठी रक्त घेतलंच. ते मला आवडलं.

तरण्या वयात बहुतेकदा असंच काही निघतं: स्नायू, पित्त, नाहीतर घाबरगुंडी. पण उंच, सडपातळ पोराच्या फुफ्फुसातून अचानक हवा सुटून छातीत साठू शकते. पुढे वाकल्यावर बरं वाटलं तर हृदयाच्या आवरणाला सूज असू शकते. आणि घाम, दम, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ असेल तर ओवा चघळत बसायचं नसतं, वय कितीही असो.

परळ म्हटलं की शांतारामबापूंचं राजकमल कलामंदिर आठवतं. त्यांचा नातू सिद्धार्थ रे, 'अशी ही बनवाबनवी'तला शंतनू, २००४ साली हृदयविकाराच्या झटक्याने गेला. अवघा चाळीस वर्षांचा.

पहाटे घरी आलो. पिंप दारातच. बरगडीवर बोट दाबून पाहिलं. दुखलं. एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.